आईची कवळी कपाटात का पडून राहते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६२ वर्षांच्या, गावी राहतात. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. पूर्वी मिश्री लावायच्या, आता सोडली आहे. खालच्या जबड्यात उजवीकडच्या मागच्या दोन दाढा आणि त्यांच्या पुढची उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्या मधला दात) काढली, डावीकडची मधली एक दाढ काढली. दोन वर्षांपूर्वी गुलाबी प्लॅस्टिकची, तारेचे हूक असलेली कवळी करून घेतली. महिनाभर कशीबशी वापरली, आता ती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. म्हणतात, "लागते." भाकरी दुधात कुस्करून खातात. आता एक डॉक्टर इम्प्लांट सुचवतात, दुसरे फ्लेक्झिबल म्हणजे वाकणाऱ्या प्लॅस्टिकची कवळी, तिसरे कास्ट पार्शल, म्हणजे ओतीव धातूच्या सांगाड्याची कवळी. मुलगा विचारतो की यातलं काय करावं.

गेली २६ वर्षं मी तालुक्याच्या गावात काढता-घालता येणारे आणि पक्के असे दोन्ही प्रकारचे दात बसवतो आहे. रुमालात गुंडाळलेल्या अशा कवळ्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून आधी एक सांगतो. आई कंटाळा करतात, सवय लावून घेत नाहीत, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना थांबवा. कवळी लागते असं त्या म्हणतात तेव्हा ती खरोखर लागते. तिच्या मापात किंवा आखणीत दोष असतो आणि तो शोधता येतो. तीन डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन गोष्टींतली एक निवडण्याआधी आईंच्या तोंडात काय उरलं आहे ते नीट बघायला हवं. गेलेल्या चार दातांची जागा भरणं त्या मानाने सोपं असतं. ती भरताना उरलेले दात खिळखिळे होऊ न देणं, हे यातलं खरं काम.

आईंच्या दोन बाजूंचं गणित वेगवेगळं आहे. डावीकडे गेलेल्या दाढेच्या पुढे दात आहे आणि मागेही. तिथे कवळी दोन्ही टोकांना दातांवर टेकते, ओढ्यावर टाकलेल्या साकवासारखी. उजवीकडे पुढे एक उपदाढ आणि मागे नुसती हिरडी. चावताना नैसर्गिक दात आपल्या खोबणीत जेमतेम केसाच्या जाडीइतका दबतो, हिरडी त्याच्या कितीतरी पट दबते. म्हणजे फळीचं एक टोक दगडावर आणि दुसरं ओल्या मातीवर. प्रत्येक घासाला मागचं टोक खाली जातं, पुढच्या उपदाढेला हूक धरून असतो, आणि खांब हलवून हलवून उपटावा तशी ती उपदाढ मागे ओढली जाते. अमेरिकेतल्या एडवर्ड केनेडी यांनी १९२५ मध्ये दात गेलेल्या जबड्यांचे चार वर्ग पाडले, आजही आम्ही तेच वापरतो. दोन्ही बाजूंचे मागचे दात गेलेले असले तर पहिला, एकाच बाजूचे गेले तर दुसरा, दोन दातांच्या मधे फट असेल तर तिसरा, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे पुढचे दात गेले तर चौथा. आईंचा जबडा दुसऱ्या वर्गातला. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या कवळ्याच सगळ्यात जास्त कपाटात जातात, कारण त्यांचं मागचं टोक मोकळं असतं.

आता ती जुनी कवळी हातात घेऊन बघा. जिभेच्या बाजूने गुलाबी पट्टी सगळ्या दातांच्या मुळाशी चिकटून फिरली असेल आणि दोन-तीन तारा दातांना बाहेरून मिठी मारतील अशा वाकवल्या असतील. त्यात उरलेल्या दाढांच्या वरच्या, चावायच्या भागावर टेकणारं काही आहे का ते शोधा. बहुधा काही सापडणार नाही. तारेचा हूक कवळीला वर उचलू देत नाही, पण खाली रुतताना तो तिला अडवत नाही. खाली रुतू न देणारा भाग वेगळा असतो, त्याला रेस्ट म्हणतात. दाताच्या कडेला चमच्यासारखा उथळ, एक-दीड मिलिमीटरचा खड्डा करायचा आणि त्यात धातूची इवलीशी जीभ टेकवायची. ती नसली की चावण्याचा सगळा भार हिरडीवर जातो. हिरडी सोलवटते, दुखते, आणि आई कवळी काढून ठेवतात. त्यांनी ती काढून ठेवली हे एका परीने बरंच झालं. ज्यांना दुखत नाही त्यांचं नुकसान जास्त होतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेला मी अशीच ॲक्रिलिकची, म्हणजे त्याच गुलाबी प्लॅस्टिकची, खालची कवळी दिली होती. छान बसली, बाई खूश होत्या. दोन वर्षांनी त्या वेगळ्याच कामासाठी आल्या. सहज म्हणून कवळी काढायला सांगितली आणि माझ्या पोटात गोळा आला. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूची हिरडी पट्टीच्या कडेने सोलल्यासारखी खाली सरकली होती, मुळं पिवळी दिसत होती, आणि हूक लावलेली उपदाढ बोटाने हलत होती. पट्टी रोज थोडी थोडी रुतत गेली होती आणि बाईंना ते जाणवलंही नव्हतं. ती उपदाढ काढावी लागली. त्यांची कसलीच तक्रार नव्हती, पण तो दात माझ्या हलगर्जीपणामुळे गेला. तेव्हापासून मागचं टोक मोकळं असलेल्या जबड्याला मी ॲक्रिलिकची कवळी कायमची म्हणून देत नाही. दात नुकतेच काढलेत, जखम भरते आहे, तोवर चार-सहा महिने चालवायची असेल तर देतो, आणि ही तात्पुरती आहे असं कागदावर लिहून देतो.

काहीच न करणं हाही एक उपाय असतो, आणि तो डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगायला हवा. नेदरलँड्समधल्या कायसर यांनी १९८१ पासून दाखवून दिलं आहे की पुढचे दात आणि उपदाढा वर-खाली नीट जुळत असतील तर मागच्या दाढांविना पुष्कळ माणसं व्यवस्थित जेवतात. नुसती शेवटची दाढ गेली म्हणून येणाऱ्या कितीतरी रुग्णांना मी काही न करता परत पाठवतो. तुमच्या आईंची डावीकडची दाढ शाबूत असती तर कदाचित त्यांनाही हेच सांगितलं असतं. पण दोन्ही बाजूंनी चावण्याची जागा कमी झाली आहे, आणि त्या स्वतः भाकरी चावता येत नाही म्हणतात. मधुमेहाच्या माणसाने भाकरी, उसळी, कोशिंबिरी सोडून मऊ भात, दूध-पोळी, बिस्किटांवर यावं हे साखरेच्या दृष्टीनेही बरं नाही. म्हणून त्यांना दात हवेत.

पण मापं घ्यायला लगेच पळू नका. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी कवळीचा विषय काढण्याआधी करायच्या काही गोष्टी आहेत. संपूर्ण जबड्याचा एक्सरे, म्हणजे ओपीजी, काढावा. हिरडीत राहिलेला मुळाचा तुकडा, अक्कलदाढ, हाडाची उंची, दातांच्या मुळाशी असलेला पू, हे सगळं त्यात दिसतं. हिरड्यांच्या खिशांची खोली बारीक खुणा केलेल्या सळईने मोजावी. दातांवरचं कीटण काढावं. मधुमेहात हिरड्यांचा आजार लवकर बळावतो आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही, असं ते दुहेरी दुष्टचक्र आहे. उजवीकडची ती एकटी उपदाढ किती भक्कम आहे यावर सगळी आखणी ठरते. ती हलत असेल, किंवा तिच्यात खोल कीड असेल, तर आधी तिचं पाहायला हवं.

मिश्रीबद्दल थोडं जास्त बोलतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि आपल्याकडच्या बायका ती वर्षानुवर्षं बोटाने हिरडीवर आणि गालाच्या आत घासत आल्या आहेत. सोडली हे फार चांगलं केलं. तरीही गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरा, न खरवडला जाणारा चट्टा आहे का, लाल मखमली डाग आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, हे उजेडात नीट बघून घ्या. असं काही असेल तर कवळी बाजूला ठेवायची आणि आधी तुकडा काढून तपासायला पाठवायचा. कवळी घासून जखम झाली असेल असं समजून महिने घालवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. जखम कवळीमुळे असेल तर कवळी काढून ठेवल्यावर ती आठ-पंधरा दिवसांत भरते. भरली नाही तर थांबू नका.

आणखी एक, जे घरच्यांच्या लक्षात येत नाही. खालच्या दाढा गेल्या की समोरच्या वरच्या दाढा अडवायला कुणी नसल्याने हळूहळू खाली उतरतात. काही वर्षांत त्या इतक्या उतरतात की खाली नवा दात बसवायला उंचीच उरत नाही. मग त्या थोड्या घासून सपाट कराव्या लागतात, जास्त उतरल्या असतील तर रूट कॅनाल करून कॅप घालावी लागते. डॉक्टर वरच्या चांगल्या दाढांना का हात लावतायत, असा प्रश्न पडला तर कारण हे असतं. ते न करता केलेल्या कवळीचे दात कागदासारखे पातळ होतात आणि तुटतात.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो.

फ्लेक्झिबलची जाहिरात जोरात चालते. नायलॉनच्या जातीचं प्लॅस्टिक, वाकवलं तरी तुटत नाही, तारा नाहीत, हिरडीच्याच रंगाचे पाकळ्यांसारखे हूक. दिसायला सुंदर असते यात शंका नाही. पुढचा एखादा दात गेला आहे, हसताना तार दिसायला नको, किंवा धातूची ॲलर्जी आहे, अशा ठिकाणी मी ती देतो. पण आईंच्या उजव्या बाजूला लवचीकपणा हाच दोष ठरतो. जिथे भार दातांकडे वळवायचा आहे तिथे वाकणारी वस्तू तो वळवू शकत नाही. ती हिरडीत रुतते, आणि आतलं हाड दाबाने झिजत जातं. शिवाय पुढे एखादा दात पडला तर तो जोडणं, आतून अस्तर लावणं हे फ्लेक्झिबलमध्ये कठीण असतं, बहुतेक वेळा नवीनच करावी लागते. कडा खडबडीत झाल्या तर त्या गुळगुळीत करणंही जिकिरीचं. "मऊ आहे म्हणजे लागणार नाही" ही समजूत गोड आहे, पण चावताना ती खरी ठरत नाही.

इम्प्लांट म्हणजे हाडात घट्ट बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात. साखर आटोक्यात असेल, हाड पुरेसं असेल आणि खर्च झेपत असेल तर उजव्या बाजूसाठी यासारखं दुसरं काही नाही, हे मी मनापासून सांगतो. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही हे खरं नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७ च्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर काम हाती घेतात. ९-१० असेल तर आधी ती खाली आणावी. खालच्या जबड्यात मागे हाडाच्या आतून ओठाला संवेदना देणारी नस जाते. दात काढून बरीच वर्षं झाली की हाड झिजून त्या नसेच्या वरची उंची कमी होते, म्हणून साध्या एक्सरेवर न थांबता सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घ्या. हाडांच्या ठिसूळपणासाठी आई गोळी किंवा इंजेक्शन घेत असतील तर ते आवर्जून सांगा. त्यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर क्वचित जबड्याचं हाड भरत नाही.

खर्च अडत असेल तर मधला एक मार्ग आहे, आणि तो फारच कमी जणांना सांगितला जातो. उजवीकडे अगदी मागे एकच इम्प्लांट घालायचा आणि त्यावर वेगळा दात न करता कवळीचं मोकळं टोक त्याच्यावर टेकवायचं. चिखलातल्या टोकाखाली दगड आला. दुसऱ्या वर्गाचा जबडा एका इम्प्लांटने तिसऱ्या वर्गासारखा वागू लागतो. हा इम्प्लांट नंतरही घालता येतो, म्हणून आज कास्ट पार्शल करून घेतली तरी ती वाट बंद होत नाही. फक्त आखणी करतानाच डॉक्टरांना सांगून ठेवा.

डावीकडच्या एका फटीसाठी कुणी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवून त्यांना जोडलेला मधला दात, सुचवेल. ब्रिज पक्का असतो, काढावा लागत नाही. पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासावे लागतात, आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही. ते दात आधीच मोठ्या फिलिंगचे किंवा रूट कॅनाल केलेले असतील तर ब्रिजला माझी हरकत नाही. निरोगी असतील तर हात लावू नये, कारण उजव्या बाजूसाठी कास्ट पार्शल करायचीच असेल तर तिला आधार घ्यायला डावीकडे यावंच लागतं. तीच फट त्याच सांगाड्यात भरून निघते.

आता माझं मत. तुम्ही लिहिलंत त्यावरून, उपदाढ भक्कम निघाली तर कोबाल्ट-क्रोमियमची कास्ट पार्शल करून घ्या. निर्णय तोंड बघणाऱ्या डॉक्टरांचाच, पण मला विचाराल तर हेच. हिचा सांगाडा पातळ असूनही वाकत नाही. जिभेच्या बाजूने जाते ती सुमारे चार मिलिमीटर रुंदीची धातूची दांडी, आणि ती हिरडीच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर खाली राहते, दातांच्या मुळांना चिकटत नाही. माझ्या त्या शिक्षिकेच्या हिरडीचं जे झालं ते इथे टळतं. दांडीसाठी हिरडीच्या कडेपासून जिभेखालच्या तळापर्यंत सात-आठ मिलिमीटर जागा लागते. ती नसेल तर डॉक्टर दातांवर टेकणारी पातळ धातूची पाटी करतात, आणि मग स्वच्छता दुप्पट सांभाळावी लागते.

तोंडात न दिसणारं पण सगळ्यात मोलाचं काम टेबलावर होतं. आईंच्या दातांचं प्लास्टरचं मॉडेल एका छोट्या तिरक्या करता येणाऱ्या मेजावर बसवतात. वरून सरळ खाली येणारी पेन्सिलच्या शिशासारखी कांडी प्रत्येक दाताभोवती फिरवतात. दाताच्या पोटाचा सगळ्यात फुगीर भाग जिथे असेल तिथे काळी रेघ उमटते. हूकचं टोक त्या रेघेच्या खाली, पाव मिलिमीटर आत शिरेल असं ठरवायचं. तेवढ्याने कवळी जागेवर राहते. अर्धा मिलिमीटर आत घेतलं तर हा ताठ धातू दर वेळी काढताना दाताला हिसका देतो, अजिबात आत घेतलं नाही तर बोलताना कवळी उचलली जाते. एवढ्याशा अंतरावर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात. या यंत्राला सर्वेअर म्हणतात. तुमच्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "आखणी तुम्ही करून देता की लॅबवर सोडता?" लॅबचा कारागीर कितीही कुशल असला तरी कोणता दात हलतो हे त्याला प्लास्टरवरून कळत नाही. आखणी डॉक्टरांचीच हवी.

आखणी झाली की रेस्टसाठी दातांवर ते उथळ खड्डे करायचे. ते इनॅमलमध्येच होतात, भुलीची गरज बहुधा पडत नाही. मग पक्कं माप, धातूच्या सांगाड्याची ट्रायल, चाव्याची नोंद, मेणात बसवलेल्या दातांची ट्रायल आणि शेवटी कवळी. पाच-सहा फेऱ्या धरा. सांगाड्याच्या ट्रायलला घाई करू देऊ नका. तो बोटाच्या हलक्या दाबाने बसला पाहिजे, रेस्ट खड्ड्यांत पूर्ण टेकले पाहिजेत, आणि एका बाजूला दाबल्यावर दुसरी बाजू डुगडुगता कामा नये. डुगडुगत असेल तर त्यावर दात बसवून उपयोग नाही, माप पुन्हा घ्यावं. खोट्या दागिन्यांनी आईंचे कान चिघळत असतील तर तेही आधीच सांगा. ती बहुतेक निकेलची ॲलर्जी असते आणि मग निकेल नसलेला मिश्रधातू मागून घ्यावा लागतो.

कवळी हातात आल्यावरचे पहिले पंधरा दिवस घरच्यांचे असतात. तोंडात नवी वस्तू आली की लाळ सुटते, ती चार दिवसांत कमी होते. बोलताना जीभ अडखळते. सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगा, किंवा रोजचा हरिपाठ मोठ्याने म्हणू द्या. सुरुवातीला मऊ भात, खिचडी, शिजलेल्या भाज्या. आठवड्याने ताजी भाकरी, लहान तुकडे करून, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा घास ठेवून चावायची. एकाच बाजूने चावलं की मोकळं टोक उसळतं. चिकट चिक्की, अख्खी सुपारी, ऊस यांचा नाद सोडावा. भाजलेले शेंगदाणे खलबत्त्यात जरा ठेचून दिले तर चालतात.

कवळी बसवताना बोटांनी दोन्ही बाजू एकदम दाबायची. तोंडात ठेवून दात दाबून बसवण्याची सवय फार जणांना लागते, आणि त्याने हूक वाकतात. कुठे लागत असेल तर घरी ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने घासू नका, तारा पकडीने आवळू नका. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी मात्र ती घाला. हिरडीवर लाल खूण उठली असेल तर नेमकी जागा सापडते. खूण नसताना अंदाजाने घासलं तर चांगली बसलेली जागाही सैल होते. दोन-तीन वेळा असं जावं लागेल, ते कामाचाच भाग आहे.

रात्री झोपताना कवळी काढायची. यात तडजोड नाही, आणि मधुमेहाच्या माणसाने तर नाहीच. चोवीस तास झाकलेल्या हिरडीवर बुरशी वाढते, ती लालभडक होते, आणि लाळ रात्री कमी असल्याने दातांना कीडही लागते. काढल्यावर पाण्यात ठेवायची, गार किंवा कोमट. उकळतं पाणी प्लॅस्टिकचा आकार बिघडवतं. धुताना खाली बादलीत किंवा बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, म्हणजे हातून निसटली तरी फुटणार नाही. टूथपेस्ट नको, तिच्या कणांनी प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण साठते. मऊ ब्रश आणि भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब पुरतात. ब्लीच धातूला खातं, ते लावू नका. आणि कवळीला जितका वेळ द्याल त्याच्या दुप्पट वेळ हूक ज्या दातांवर बसतात त्या दातांना द्या. कीड लागते ती तिथेच, हूकच्या खाली.

लहान कवळ्यांबाबत एक धोका सगळ्यांना सांगून ठेवतो. एक-दोन दातांची, हूक सैल झालेली छोटी ॲक्रिलिकची कवळी झोपेत, घाईत पाणी पिताना किंवा फिट आल्यावर गिळली जाऊ शकते. ती अन्ननलिकेत अडकते, आणि साधं ॲक्रिलिक एक्सरेत दिसत नाही. "काही गिळलेलं दिसत नाही" म्हणून घरी पाठवलेला रुग्ण दोन दिवसांनी गंभीर होऊन येतो. कवळी सापडत नाही आणि घशात दुखतंय, गिळता येत नाही, असं झालं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि कवळी गिळल्याचा संशय स्पष्ट सांगा. ऑपरेशनसाठी भूल देण्याआधीही कवळी काढून नर्सच्या हातात द्यायची.

वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवा. हिरडीखालचं हाड हळूहळू झिजतच असतं. घरी करता येणारी चाचणी सोपी आहे. कवळी घालून उजव्या बाजूच्या शेवटच्या दातावर बोट दाबा. मागचं टोक खाली गेलं आणि पुढे रेस्ट दातावरून उचलला गेला, तर आतून अस्तर लावायची, म्हणजे रिलाइनची, वेळ झाली. नवी कवळी लागत नाही. हे वेळेवर केलं तर उपदाढ वाचते, टाळलं तर ती उपदाढ मागे ओढली जाऊन हलायला लागते.

खर्चाबद्दल. कास्ट पार्शल ॲक्रिलिकच्या कितीतरी पट महाग आणि इम्प्लांटपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. डॉक्टरांकडून धातूचं नाव, फेऱ्या आणि नंतरच्या दुरुस्त्या धरून आकडा लिहून घ्या. खासगी दवाखान्यात झेपत नसेल तर लाजू नका, दंतमहाविद्यालयात जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं आहेत, मुंबईत पालिकेचं नायर आहे, गोव्यात बांबोळीला आहे, आणि कराड, सांगली, पुण्यातही खासगी महाविद्यालयं आहेत. कृत्रिम दातांचा, म्हणजे प्रॉस्थोडोंटिक्सचा विभाग विचारा. तिथे शिकणारे डॉक्टर काम करतात, फेऱ्या जास्त होतात, पण प्रत्येक पायरी शिक्षक तपासतात आणि सर्वेअरशिवाय काम पुढे जात नाही. आठवडी बाजारात किंवा रस्त्यावर तासाभरात दात बसवून देणाऱ्यांकडे मात्र आईंना कधीही नेऊ नका. ते शेजारच्या चांगल्या दातांना तार बांधून त्यावर कच्चं ॲक्रिलिक थापतात, ते काढता येत नाही, खाली अन्न कुजतं, आणि वर्षभरात तारेचे दोन्ही दात जातात. कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या दंतवैद्यालाच हे काम करता येतं. दवाखान्याच्या भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला संकोच करू नका.

पहिल्या भेटीला जाताना साखरेचे ताजे रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट, आणि कपाटातली ती कवळी, रुमालासकट, बरोबर न्या. टाकून देऊ नका. ती तोंडात घालून डॉक्टर आत पांढरी पेस्ट लावून दाबून बघतील. जिथे पेस्ट पुसली जाऊन गुलाबी प्लॅस्टिक उघडं पडेल तिथेच त्या महिनाभरात आईंना लागत होतं. तेवढी जागा सैल करून, आत मऊ अस्तर लावून, नवी होईपर्यंत पुढच्या दीड-दोन महिन्यांसाठी बहुधा तीच वापरता येईल.